विसरणारे आणि सांभाळणारे

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण प्रत्येक मराठी घरात केव्हा ना केव्हा उच्चारली जाते. आजोबा चष्मा कपाळावर चढवून तोच घरभर शोधू लागले, की नातवंडे हसतात आणि मोठी माणसे ही म्हण म्हणतात. त्यात वावगे काही नाही. वयाबरोबर स्मरणाचा वेग थोडा मंदावतो. नावे जिभेच्या टोकाशी येऊन अडतात आणि घटकाभराने आठवतातही. परंतु एखाद्या घरातील आजीबाई जेवून उठल्यावर थोड्याच वेळात ‘मला कोणी वाढलेच नाही’ अशी तक्रार करू लागतात. चाळीस वर्षे ज्या वाटेने देवळात गेल्या त्या वाटेवर चुकतात. स्वतःच कपाटात ठेवलेल्या पाटल्या सुनेने चोरल्या असे शेजारणीला सांगतात. आणि एके दिवशी पोटच्या मुलाकडे पाहून ‘हे गृहस्थ कोण?’ असे विचारतात. येथे ती म्हण अपुरी पडते. ‘म्हातारचळ’ म्हणून ज्याची बोळवण केली जाते, तो वस्तुतः मेंदूचा विकार असतो. वैद्यकात त्याला स्मृतिभ्रंश असे नाव आहे.

हा शब्द नवा नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनापासून बुद्धिनाशापर्यंतची जी साखळी सांगितली आहे, तिच्यातील तो एक दुवा आहे. पण तेथील स्मृतिभ्रंश क्रोध आणि संमोह यांतून उद्भवतो, म्हणजे त्याचे मूळ माणसाच्या वर्तनात असते. वैद्यकातील स्मृतिभ्रंश मेंदूतील पेशींच्या ऱ्हासामुळे होतो. त्याचा सदाचाराशी किंवा दुराचाराशी संबंध नाही. हा भेद आरंभीच सांगण्याचे कारण असे, की या रोगाबरोबर दोषाची कल्पना नकळत चालत येते. तो दोष कधी रोग्याच्या माथी मारला जातो, आणि त्याहूनही अधिक वेळा त्याला सांभाळणाऱ्या माणसाच्या माथी.

रोगाचे स्वरूप

१९०१ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट येथील रुग्णालयात आलोइस अल्झायमर या वैद्याने ऑगुस्ट डेटर नावाच्या एक्कावन्न वर्षांच्या स्त्रीची तपासणी केली. तिला स्वतःचे नाव लिहितानाही अडखळायला होई, आणि पतीविषयी तिच्या मनात निराधार संशय दाटलेला होता. १९०६ मध्ये ती निवर्तली. तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर अल्झायमर यांना पेशींच्या मध्ये साचलेले थर आणि पेशींच्या आत पडलेले तंतूंचे गुंते आढळले. त्याच वर्षी ट्युबिंगेन येथील वैद्यांच्या सभेत त्यांनी हे निरीक्षण मांडले, आणि १९१० मध्ये त्यांचे ज्येष्ठ सहकारी क्रेपेलिन यांनी या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले. स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांपैकी सुमारे साठ ते सत्तर टक्के लोकांच्या दुखण्यामागे हाच विकार असतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील बिघाड हे त्याखालोखालचे कारण होय.

रोग हळूहळू, वर्षानुवर्षे वाढतो. प्रथम ताज्या आठवणी जातात आणि जुन्या टिकून राहतात. म्हणून लग्नातल्या पंगतीचे वर्णन तपशिलाने करणाऱ्या आजींना सकाळी कोण भेटायला आले होते ते सांगता येत नाही. पुढे शब्द सापडेनासे होतात, पैशाचा हिशेब जमत नाही, लुगडे नेसण्याचा क्रम चुकतो, आणि अखेरीस घास गिळण्यासाठीही दुसऱ्याचे साहाय्य लागते.

तथापि, विस्मरण दिसले की लगेच हाच रोग समजून बसणेही चुकीचे आहे. कंठग्रंथीचे म्हणजे थायरॉईडचे मांद्य, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, दीर्घकाळचे नैराश्य, पडल्यामुळे डोक्यात साकळलेले रक्त, काही औषधांचे परिणाम यांमुळेही बुद्धी मंदावल्यासारखी होते, आणि यांतील बरेच दोष उपचाराने दूर होतात. यासाठी पहिली पायरी डॉक्टरांच्या तपासणीचीच असली पाहिजे. मुख्य रोगाला मात्र समूळ नाहीसा करील असे औषध अद्याप नाही. काही औषधांनी लक्षणे थोडा काळ सौम्य होतात. अलीकडे निघालेल्या प्रतिपिंडांच्या औषधांनी आरंभीच्या अवस्थेतील रोगाची गती काही अंशी मंदावते, पण ती खर्चिक आहेत आणि त्यांच्यावर सतत वैद्यकीय देखरेख लागते.

भारतात हा प्रश्न किती मोठा आहे, याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीवरून येतो. साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असे तीत दिसले. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. दर तेरा-चौदा वृद्धांमागे एक, असा हा हिशेब आहे. ज्या वाड्यावर चाळीस-पन्नास म्हातारी माणसे आहेत, तेथे असे तीन-चार रोगी असण्याचा संभव आहे. त्यांच्यासाठी विशेष रुग्णालये उभारून हा भार पेलणार नाही. तो घराघरांतच वाहिला जात आहे. प्रश्न आहे तो या घरांच्या पाठीशी कोण उभे राहणार, हा.

दोष कोणाचा?

या प्रश्नाचा गोव्याइतका बारकाईने विचार फार थोड्या प्रदेशांत झाला आहे. १९९८ मध्ये काही देशांतील संशोधकांनी मिळून एक अभ्यासगट स्थापन केला आणि त्याला ‘१०/६६’ असे चमत्कारिक नाव ठेवले. जगातील स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांपैकी ६६ टक्के किंवा त्याहून अधिक लोक विकसनशील देशांत राहतात. पण लोकवस्तीतील रोग्यांविषयी जे संशोधन होते, त्यातील १० टक्केही या देशांच्या वाट्याला येत नाही, हे वैषम्य त्या नावात नोंदलेले आहे. या प्रयत्नांशी निगडित असलेले डॉ. विक्रम पटेल आणि डॉ. मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यातील लोकांशी बोलून वार्धक्यातील मानसिक विकारांकडे समाज कसा पाहतो याचा अभ्यास केला, आणि तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यातून निघालेले निष्कर्ष विचार करायला लावणारे आहेत. स्मृतिभ्रंशाची लक्षणे वर्णन करून सांगितली तेव्हा लोकांनी ती चटकन ओळखली. अशी माणसे त्यांनी पाहिलेली होती. परंतु हा रोग आहे असे त्यांना वाटत नव्हते. म्हातारपणी असे व्हायचेच, असे काहींचे मत होते. इतरांच्या मते मुलांनी आईबापांची हेळसांड केली, त्यांना प्रेम दिले नाही, म्हणून त्यांची अशी दशा होते. साहजिकच डॉक्टरांच्या दवाखान्यात असे रोगी क्वचितच येत. घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेवकांना मात्र ते नेहमी दिसत असत.

या समजुतीचा परिणाम काय होतो, ते पाहण्यासारखे आहे. ओसरीवर बसलेली सासू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, ‘आज सकाळपासून पेजेचा घोटही मिळाला नाही.’ सुनेने तासापूर्वीच तिला पेज भरवलेली असते. सासू खोटे बोलत नसते, तिला ते आठवत नसते. ऐकणाऱ्याला हे ठाऊक नसते. तो हळहळतो आणि पुढच्या घरी जाऊन सांगतो. रात्री तीन वेळा उठून सासूला सावरणारी, तिची लुगडी धुणारी ती सून दुसऱ्या दिवशी नळावर जाते, तेव्हा तेथील बोलणे एकाएकी थांबते. रोगाचा भार एकवेळ सोसतो, पण या मौनाचा सोसत नाही. मग ती बाहेर पडणे टाळते, सासूला आतल्या खोलीत बसवू लागते, आणि शेजाऱ्यांचा संशय त्यामुळे अधिकच बळावतो.

काही घरांत वृद्धांची उपेक्षा खरोखरच होते, हे नाकारता येणार नाही. वृद्धांची काळजी अनेकदा वारशाच्या अपेक्षेवर अवलंबून असते, असे त्याच अभ्यासात दिसले होते. पण उपेक्षा आणि रोग या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली, की उपेक्षा करणारा सुटतो आणि सेवा करणारी भरडली जाते. स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांना घरच्यांकडून जी शुश्रूषा मिळते, तिच्यातील सत्तर टक्के तास जगभरात स्त्रियाच देतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने नोंदले आहे.

तिसवाडी आणि बारदेशातील प्रयोग

या निष्कर्षांवरून पुढचे पाऊल गोव्यातच टाकले गेले. ‘संगत’ ही १९९६ पासून काम करणारी संस्था आणि डॉ. अमित डायस प्रभृती मंडळी यांनी तिसवाडी व बारदेश या दोन तालुक्यांत एक प्रयोग केला. सौम्य किंवा मध्यम अवस्थेतील रोगी असलेली ८१ कुटुंबे त्यात सामील झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट पाडण्यात आले. ४१ कुटुंबांना लगेच साहाय्य मिळाले. उरलेल्या ४० कुटुंबांना सहा महिन्यांनंतर मिळायचे होते. दोन गटांची तुलना करून साहाय्याचा उपयोग किती होतो ते ठरवायचे, असा हेतू होता.

हे साहाय्य देणारी माणसे कोण होती, हा या प्रयोगातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ते डॉक्टर नव्हते, परिचारिकाही नव्हत्या. उच्च माध्यमिक शिक्षण, स्थानिक भाषेवर प्रभुत्व आणि या कामाची आवड, एवढ्या पात्रतेवर गृहसेवा सल्लागार निवडले गेले. त्यांना आठवडाभर शिक्षण दिले गेले. त्यांच्या पाठीशी एक समुपदेशक आणि सरकारी आरोग्यसेवेतील एक मानसोपचारतज्ज्ञ होते, पण तेही अर्धवेळ. सल्लागाराने पंधरा दिवसांतून किमान एकदा प्रत्येक घरी जायचे आणि गरज असेल तेथे अधिक वेळा, असा शिरस्ता होता.

घरी जाऊन ते काय करीत? सर्वांत आधी ऐकून घेत. नंतर हा रोग आहे आणि तो कोणाच्या पापाने झालेला नाही, हे समजावून सांगत. रोग्याचे स्नान, जेवण, झोप यांची घडी कशी बसवावी आणि त्याच्या विचित्र वागण्याला कसे तोंड द्यावे, ते शिकवीत. वागणे हाताबाहेर जाऊ लागले तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट घडवून आणीत. वृद्धांसाठी असलेल्या सरकारी योजनांची माहिती देत, आणि ज्या घरांचे दुखणे सारखे आहे त्यांची एकमेकांशी गाठ घालून देत.

सहा महिन्यांनी मोजमाप झाले. ते २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. ज्यांना साहाय्य मिळाले, त्या शुश्रूषा करणाऱ्या माणसांचे मानसिक स्वास्थ्य निश्चितपणे सुधारले होते. रोग्याच्या वागण्याने त्यांना होणारा मनस्तापही कमी झाला होता. रोग्याचे वागणे आणि त्याची कामे करण्याची क्षमता यांतही थोडा फरक दिसला, परंतु तो योगायोगाने आला नसेल अशी खात्री देण्याइतका मोठा नव्हता. प्रयोगाच्या काळात दोन्ही गट मिळून १८ रोगी मरण पावले, यावरून ही घरे किती कठीण वाटेवर होती हे ध्यानात येईल. या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. रोग होता तेथेच राहिला. तो सोसण्याची घराची शक्ती वाढली. आणि ती वाढवण्याकरिता बारावी शिकलेला, भाषा जाणणारा, दर पंधरवड्याला न चुकता दार ठोठावणारा माणूस पुरला.

घरातल्या युक्त्या

असा सल्लागार जे शिकवतो ते गूढ नाही. पण ते कोणी सांगितल्याशिवाय सहसा सुचत नाही. स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी जायचे आहे’ असा हट्ट धरणाऱ्या वृद्धेला ‘हेच तुमचे घर’ असे दहादा बजावण्यात अर्थ नसतो. ती ज्या घराविषयी बोलते ते बहुधा साठ वर्षांपूर्वीचे माहेर असते. अशा वेळी वाद न घालता त्या माहेरची, तिथल्या परसातील फणसाची गोष्ट काढावी, हात धरून अंगणात दोन फेऱ्या माराव्यात. हट्ट बहुधा आपोआप ओसरतो. ‘मी कोण, ओळखा पाहू’ अशी परीक्षा घेऊ नये. आपण होऊन नाव सांगावे. ‘उठा, हातपाय धुऊन, कपडे बदलून जेवायला या’ या एका वाक्यात चार कामे आहेत. ती एकेक करून सांगावीत. चोरीचा आळ घेतला तर सफाई देत बसू नये, वस्तू शोधायला मदत करावी. दिवस मावळताना अनेक रोगी अस्वस्थ होतात. त्या वेळी दिवे लवकर लावावेत आणि घरात गलबला टाळावा. न्हाणीघरातील निसरडी फरशी, गॅसची शेगडी, विहिरीचा काठ आणि उघडे फाटक यांवर लक्ष ठेवावे. सदऱ्याच्या खिशात नाव व पत्ता लिहिलेली चिठ्ठी शिवून टाकावी.

दुसरी युक्ती शुश्रूषा करणाऱ्यासाठी आहे, आणि ती अमलात आणणे अधिक अवघड असते. त्या व्यक्तीलाही झोप हवी, आजारपणात औषध हवे, आठवड्यातून काही तास स्वतःचे हवेत. ‘माझ्याशिवाय त्यांचे कोणाकडून होणार नाही’ हे वाक्य कर्तव्यबुद्धीचे असले तरी त्याचा शेवट अनेकदा दोन रोगी होण्यात होतो. म्हणून कामाची वाटणी मुलामुलींनी बसून, स्पष्ट बोलून केली पाहिजे. आखातात किंवा युरोपात असलेल्या मुलाला आईला न्हाऊ घालता येणार नाही. पण मदतनीस बाईचा पगार देता येईल, आणि रजेत आल्यावर घरचा भार आपल्या अंगावर घेऊन बहिणीला किंवा वहिनीला महिनाभर मोकळे करता येईल.

गावाचा वाटा

यापुढचे काम शेजाऱ्यांचे आहे. पहाटे सायकलवरून पाव घेऊन येणारा पोदेर, कोपऱ्यावरचा दुकानदार, बसचा वाहक, देवळाचे पुजारी यांना अमुक काका वाट चुकतात एवढे माहीत असले, तर फाटकाबाहेर पडलेला माणूस तासाभरात सुखरूप घरी येतो. याकरिता घरच्यांनी रोग लपवता कामा नये, आणि तो सांगण्याजोगे वातावरण गावाने ठेवले पाहिजे. शेजारणीने आठवड्यातून एक दुपार आजींजवळ बसावे; तेवढ्यात सून म्हापशाच्या बाजारात जाऊन येईल, किंवा नुसती झोपेल. ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणण्यापेक्षा ‘मी बुधवारी तीन वाजता येते’ असे म्हणण्याचा उपयोग अधिक होतो.

सल्लागाराला स्थानिक भाषा यावी ही गोव्यातील अट महाराष्ट्राबाहेरील मराठी वस्त्यांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. अनेक भाषा बोलणाऱ्या माणसाला स्मृतिभ्रंश झाला, की पुष्कळदा नंतर शिकलेल्या भाषा आधी निसटतात आणि बालपणीची भाषा मागे उरते. इंदूर किंवा ग्वाल्हेरच्या कचेरीत आयुष्यभर हिंदीत व्यवहार केलेले, हैदराबादेत तेलुगू आणि उर्दू सफाईने बोलणारे, वडोदऱ्यात गुजरातीत दुकान चालवलेले आजोबा उतारवयात केवळ मराठीत पाणी मागू लागतात, आणि पगारी मदतनिसाला ते कळत नाही. याच बहुभाषिकतेचा एक लाभही आहे. हैदराबादच्या निजाम वैद्यकीय संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ रोग्यांचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सरासरीने सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसल्याचे त्यात आढळले, आणि निरक्षर लोकांतही हा फरक होता. परंतु रोग एकदा आला की गरज लागते ती मातृभाषेतील सोबतीची. या सर्व शहरांत मराठी वाचनालये, मंडळे आणि गणेशोत्सवाच्या समित्या आहेत. त्यांनी महिन्यातून एका दुपारी अशा कुटुंबांना एकत्र बोलावले, आणि आपल्यातील निवृत्त शिक्षक-शिक्षिकांना थोडे शिक्षण देवववून रोग्याजवळ वर्तमानपत्र वाचायला, जुनी गाणी लावायला पाठवले, तर नवी संस्था काढण्याची गरज पडणार नाही.

शासनाचा वाटाही यात आहे. १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि २०१० पासून वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. जिल्हा रुग्णालयांतून वृद्धांसाठी वेगळी तपासणी असावी हे दुसऱ्याचे एक उद्दिष्ट आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्याविषयी १४४१६ या क्रमांकांवर दूरध्वनीने विनामूल्य सल्ला मिळतो. स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांसाठी व त्यांच्या कुटुंबांसाठी केरळात १९९२ मध्ये एक राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि तिच्या शाखा अनेक शहरांत आहेत. पण दूरध्वनी दार ठोठावत नाही. गोव्यातील प्रयोगाने जे सिद्ध केले, ते घरी येणाऱ्या माणसाचे मोल. असा एक सल्लागार आरोग्यकेंद्राच्या कर्मचाऱ्यांत कायम पगारावर असावा, ही मागणी ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी करण्याजोगी आहे. कारण प्रयोग संपतो, रोग संपत नाही.

तोवर शेजाऱ्यांना जे करता येईल, त्याला ना पैसा लागतो ना पदवी. पुढच्या वेळी ओसरीवरच्या आजी म्हणतील, ‘आज मला कोणी जेवायला घातले नाही.’ तेव्हा त्यांच्याजवळ दोन मिनिटे बसावे, त्यांच्या हातावर हात ठेवावा, आणि मग आत जाऊन सुनेला विचारावे, ‘तू जेवलीस का?’